बाद म्हणायचं तर हात उचलायचा

बाहेर 'बाद' हा शब्द किती स्वस्त झालाय बघा. टोमॅटो नासला, बाद. खेळात गडी गेला, बाद. जावयाची नोकरी सुटली की सासरा चार लोकांत म्हणतो, आमचं पोरगं बाद निघालं. कोणाचं काही जात नाही. पण लाकडाच्या त्या वखारीत हा शब्द उगाच तोंडात घ्यायची सोय नव्हती. ओंडका आतून सडका निघाला तर 'पोकळ' म्हणायचं, फळी वाकडी झाली तर 'रुसली' म्हणायचं. नवीन कामाला लागलेल्या एकानं फुटक्या फळीला "ही बाद" म्हटलं, तर म्हाताऱ्या मुकादमानं त्याच्या टाळक्यात अशी टपली हाणली की बिचाऱ्याच्या कानावरची पेन्सिल भुशात पडली.

"फळीला काय म्हणतोस? हा शब्द माणसाचा आहे. जपून ठेव, आणि देव करो, कधी लागू नये."

माणसाला बाद करायची रीत अशी होती. ज्याच्या हलगर्जीपणानं दुसऱ्याचं रक्त सांडलं, त्याला करवतीच्या मशीनसमोर उभं करायचं. मशीन बंद. कोणाला त्याच्या बाजूनं काही सांगायचं असेल तर त्यानं तेव्हाच पुढं येऊन सांगायचं. कोणी आलं नाही की मग एकेकानं त्याच्यासमोर जायचं, डोळ्याला डोळा भिडवून 'बाद' म्हणायचं आणि म्हणता म्हणता थोबाडीत द्यायची. स्वतःच्या हातानं. जिभेला हाड नसतं, ती वाटेल ते बोलून मोकळी होते. हाताला हाड असतं आणि ते नंतर ठणकतं, असा जुन्या लोकांचा विचार. त्यानंतर त्या माणसाशी कोणी बोलायचं नाही, त्याच्या ओंडक्याचं दुसरं टोक कोणी धरायचं नाही. आता एकट्या माणसानं ओंडका उचलून दाखवावा! म्हणजे पोटावरच पाय.

आणि शब्द चुकीचा पडला असं कळलं, तर आला तसाच तो परत जायचा. बाद झालेल्यानं मारणाऱ्याला तेवढीच परत द्यायची आणि ती खाणाऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं, "परत घेतला." एकाचा जरी शब्द अडकून राहिला तरी त्या दोघांनी एका वखारीत काम करायचं नाही. दोघांतल्या एकानं जायचं.

त्या वखारीत सगळ्यात ताकदवान गडी म्हणजे रेडा. मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं ठेवलेलं. तीन माणसांचा ओंडका दोघांत उचलायचा, आणि दुसरा बहुतेक वेळा त्याचा मेव्हणा असायचा. मेव्हण्याला सगळे खिळा म्हणत, कारण अंगावर मांस नावाला नाही, पण वाकायचा नाही. सासरे गेल्यावर रेड्यानंच त्याला वखारीत आणला, ओंडका ओढायचा आकडा कसा धरायचा ते शिकवलं, आपल्या दोन खोल्यांतली बाहेरची खोली त्याला दिली. बायकोचा हा एकुलता भाऊ. ती आधी भावाला वाढायची, मग नवऱ्याला. रेडा म्हणायचा, "अगं, ओंडक्याचं जड टोक मी धरतो!" ती म्हणायची, "मग तुम्हाला पोळी जास्त देते की. पहिली देत नाही एवढंच."

तर झालं काय, एका दुपारी ओंडक्यांची थप्पी सुटली.

थप्पीच्या खालच्या ओंडक्याला पाचर ठोकलेली असते. लाकडाची, हातभर. ती असते म्हणून वरचं डोंगराएवढं ओझं जागेवर असतं. जो ठोकेल त्यानंच ती काढायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळे तोंड पुसत येत होते, तेवढ्यात कडकड असा आवाज झाला आणि थप्पी दाणे सांडावेत तशी सांडली. खाली बोका होता. बोका म्हणजे टोळीतला सगळ्यात जुना गडी, ओंडक्यावरून मांजरासारखा चालायचा म्हणून बोका. त्याला पळताही आलं नाही. एक ओंडका त्याच्या मांड्यांवरून गेला, दुसरा तिथंच थांबला. तो ओरडला नाही आधी. आधी त्यानं खाली बघितलं, आपले पाय कुठल्या दिशेला गेलेत ते. मग ओरडला. रेड्यानं पहार घातली, खांदा लावला, डोळे बाहेर येईपर्यंत रेटा दिला आणि ओंडका उचलला. पँट, मांस, हाड सगळं एक झालं होतं. भुसा रक्त पीत होता आणि तरी पुरत नव्हता. बोक्याची शुद्ध गेली, ती काही परत येईना.

त्याला गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं आणि मुकादमानं आजूबाजूला पाहिलं. पाचर लांब, हातगाडीच्या चाकाजवळ पडलेली. अख्खी. फुटली नव्हती, चेचली नव्हती. म्हणजे निसटलेली नव्हती, कोणीतरी काढलेली.

"कोणाची?"

"माझी," खिळा म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "पण मी घट्ट ठोकली होती, मुकादम. मी काढली नाही."

"मग काय पाय फुटले तिला?" पोपट म्हणाला. हा पोपट फळ्या मोजायच्या कामावर होता, आणि फळ्यांपेक्षा लोकांची उणीदुणीच जास्त मोजायचा. "का जेवून शतपावली घालायला निघाली?"

आता खरी गोष्ट इथं आहे. रेड्यानं सकाळी पाहिलं होतं. खिळ्यानं पाचर लावली, हातोड्यानं दोन घाव घातले, मग मागं सरकून मान तिरकी करून बघितलं आणि अजून एक घातला. रेड्यानंच शिकवलेली रीत ती. अशी पाचर आपसूक येत नाही, आणि नंतर जेवणाची भांडी धुवून होईपर्यंत खिळा रेड्याच्या शेजारून हललासुद्धा नव्हता. मुकादमानं विचारलं, "कोणाला काही सांगायचंय?" रेड्यानं तोंड उघडलं.

पोपट तेवढ्यात म्हणाला, "घ्या! आला बायकोच्या भावाचा वकील."

दोघेतिघे हसले. एवढंच. कोणी धमकी दिली नाही, कोणी हात धरला नाही. रक्ताच्या वासात उभे राहून दोघेतिघे नाकातल्या नाकात हसले, आणि ओंडके उचलणाऱ्या त्या माणसाला ते हसू उचलवलं नाही. त्यानं तोंड मिटलं.

मशीन बंद झालं. खिळा समोर उभा राहिला. एकेक जण गेला. बाद, फाट. बाद, फाट. पहिल्या चार-पाचांतच त्याचा ओठ फाटला. तो हात मागं बांधून उभा होता आणि प्रत्येकाकडं नीट बघत होता. हे बघणंच लोकांना नको होतं, म्हणून मारणारे अजून जोरात मारत होते. पोपटानं मारली तेव्हा अंगठी लागून गाल उभा फाटला. मुकादमाचाही म्हातारा हात पडला.

जवळच्या नात्याचा माणूस शेवटी. रेडा पुढं आला. "बाद," तो पुटपुटला आणि गालाला हात लावल्यासारखं केलं.

"अरे, कुरवाळतोस काय!" पोपट. "दृष्ट काढतोयस का मेव्हण्याची?"

आता मात्र सगळेच हसले. मुकादम हसला नाही. "हा धरायचा नाही," तो म्हणाला. "शब्द एवढा नि हात एवढासा? परत."

रेड्याच्या डोक्यात काहीतरी तडकलं. राग कोणाचा होता आणि निघाला कोणावर! त्यानं उघडा हात नाही, मूठ वळली. "बाद!" असा ओरडला की रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानं किटली खाली ठेवली. मूठ खिळ्याच्या डोळ्याखाली बसली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. खिळा मशीनच्या लोखंडी रुळावर आपटला, भुवई फुटली आणि रक्तानं अर्धं तोंड झाकलं. तो चार पायांवर उठला, मग दोन पायांवर उठला, आणि फाटकातून बाहेर गेला. कोणी हसलं नाही मग.

रेडा घरी गेला तर बायको भावाच्या डोळ्यावर ओलं फडकं धरून बसली होती. डोळा कसला, वांगं झालं होतं त्याचं.

"बाकीचे बोटांचे वळ आहेत," ती म्हणाली. "हा मुठीचा आहे. कोणाची मूठ ही?"

रेडा म्हणाला, "रीत आहे ती."

"रीतीला मूठ असते? ही मूठ मी लग्नाच्या दिवसापासून बघतेय, तुम्ही मला सांगू नका." ती उठली, नवऱ्याची सतरंजी आणि उशी आणून दारात टाकली. "यानं काढली असेल पाचर?"

"पाचर त्याची होती."

"मी ते नाही विचारलं."

रेडा जमिनीकडं बघत राहिला.

"हा शब्द परत घेऊन या," ती म्हणाली. "तोवर या घरात तुमचं ताट नाही. आणि ते डोळे असे खाली घालू नका, बैलासारखे."

"रेडा म्हणतात मला," तो म्हणाला. त्याला वाटलं, हसेल. तिनं दार लावलं.

त्या दिवसापासून तो वखारीतच भुशावर झोपायला लागला. नाक्यावरच्या खानावळीतलं खायचा, पण घास तोंडात फिरायचा. खिळा एका डोळ्यानं काम शोधत गावभर हिंडत होता. दुसऱ्या वखारीत गेला, सुतारांकडं गेला, बांधकामावर गेला. शब्द त्याच्या आधी पोचलेला असायचा. लोक मान हलवून आपल्या कामाला लागायचे. एकदा रस्त्यात दोघं समोरासमोर आले. बादशी बोलायचं नाही म्हणून रेड्यानं मान वळवली, आणि मग वळून त्याच्या पाठीकडं बघत राहिला.

मग एक दिवस बोका शुद्धीवर आला.

दोन्ही पाय मांडीतून कापले होते. मुकादम भेटायला गेला तर त्यानं पहिल्यांदा विचारलं, "गाडी कुठं गेली?"

"कसली गाडी?"

"हातगाडी. उतारावरून चालली होती. भरलेली. रस्त्यावर गेली असती, कोणाला तरी उडवलं असतं. हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हटलं, घटकाभर ती पाचर चाकाखाली लावू. उपसून तशीच चाकाकडं फेकली, तेवढ्यात वरचं सगळं आलं." तो रडायला लागला. "खिळ्याला सांगा, विचारायला हवं होतं मी. एवढं आयुष्य गेलं यात, आणि मी दुसऱ्याची पाचर काढली."

पाचर हातगाडीच्या चाकाजवळ पडलेली सगळ्यांनी पाहिली होती. तिथं कशी गेली हे कोणीच विचारलं नव्हतं. मारायची घाई असली की विचारायला वेळ कुठून मिळणार!

मुकादम परत आला आणि त्यानं मशीन बंद करायला लावलं. "शब्द चुकला," एवढंच म्हणाला. "बोलवा त्याला."

खिळा आला. डोळा उघडत होता आता, पण खालचं हाड आत दबलेलं, त्यामुळं एका बाजूनं तो दुसराच कोणी दिसायचा. सगळे रांगेत उभे होते. पहिला मुकादम पुढं झाला, टोपी काढून हातात घेतली. खिळ्यानं मारली. म्हाताऱ्याच्या नाकातून रक्ताची धार लागली, ती त्यानं टोपीनं पुसली आणि मोठ्यानं म्हणाला, "परत घेतला."

मग एकेक. खिळ्याच्या अंगात इतकं बळ कुठं होतं कोण जाणे. कोणाचा ओठ गेला, कोणाचा कान वाजला. एक जण पाठीवर पडला आणि पडल्या पडल्याच "परत घेतला" म्हणाला. पोपटाची पाळी आली. तरी बडबड सुटेना. "हे बघ, उजव्या बाजूला दाढ दुखतेय माझी, तेवढी बाजू सोड," म्हणाला. खिळ्यानं उजव्याच बाजूला दिली. दाढ बाहेर आली. "घेतला, घेतला! परत घेतला!" पोपट तोंड धरून बोंबलला. "दवाखान्याचा हेलपाटा वाचला, आईशपथ!"

शेवटी रेडा.

तो पाय रोवून उभा राहिला, हात मागं घेतले, गाल पुढं केला. इतक्या दिवसांनी त्याला पहिल्यांदा बरं वाटत होतं. आता एक पडेल, मग घर.

खिळ्यानं हात उचलला आणि खाली घेतला.

"दाजींना नाही मारणार," तो म्हणाला.

"असं नाही चालत," मुकादम म्हणाला. "शब्द अडकेल."

"अडकू दे. त्यांना खरंच वाटलं मी केलं, म्हणून त्यांनी मारलं. बोक्याचं रक्त बघून कोणालाही वाटलं असतं. ताईच्या कुंकवावर मी हात टाकणार नाही. मी जातो वखार सोडून." आणि तो खरंच वळला.

"ए! थांब!" रेड्यानं त्याची कॉलर धरली. "मार."

"सोडा, दाजी."

"मार म्हणतो ना! एवढा फुटलास, तरी हात उचलत नाही? भेकडा! बहिणीच्या पदराखालचा!" त्यानं त्याला थप्पीवर आपटला. खिळा फक्त डोळ्यावर हात धरून राहिला. रेड्यानं पोटात गुडघा घातला. दोघं तिघं सोडवायला धावले, एकाला त्यानं खांद्यानं उडवला, दुसऱ्याच्या छातीत कोपर घातलं. खिळा भुशात पडला, खोकला, पुन्हा उठला आणि पुन्हा फाटकाकडं चालायला लागला. हा आता जाणार आणि शब्द आपल्या गळ्यात कायमचा राहणार, हे रेड्याला दिसलं. दार बंद, ताट बंद, आणि हा पोरगा आयुष्यभर आपल्याला भला माणूस समजत हिंडणार. हे शेवटचं त्याला सहन झालं नाही.

"मला नव्हतं वाटलं!" तो ओरडला.

खिळा थांबला.

"मला नव्हतं वाटलं तू केलं. मी बघत होतो सकाळी. दोन घाव घातलेस. मागं सरकून बघितलंस. मग अजून एक घातलास. आणि जेवताना माझ्या शेजारी होतास. मला माहीत होतं."

खिळा हळूहळू परत आला.

"मग बोलला का नाहीत?"

"हसले असते," तो म्हणाला.

"कोण?"

"हे. पोपट. हसले होते."

पोपट गाल धरून जमिनीकडं बघत होता. खिळ्यानं त्याच्याकडं बघितलं, मग आपल्या दाजीकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्याची चांगली बाजूही आता दुसऱ्या बाजूसारखी दिसायला लागली.

मग त्यानं मारली. उघडा हात नाही, मूठ. खालून वर. रेड्याचा जबडा कडकन वाजला आणि तो बाई कपड्याचा पिळा टाकते तसा खाली पडला. खिळा त्याच्या छातीवर बसला आणि मारत सुटला. दुसरी, तिसरी, चौथी. नाक, ओठ, कान, जिथं बसेल तिथं. "ह-स-ले!" एकेका फटक्याला एकेक अक्षर. "ह-स-ले अ-स-ते!" रेड्यानं हात वर केले नाहीत.

दोघे पुढं धावले. मुकादमानं त्यांच्या आडवी काठी धरली. "पहिला रीतीचा होता," तो म्हणाला. "बाकीचे घरगुती आहेत. आपण मध्ये पडायचं नाही."

खिळ्याचा हात थकला तेव्हाच तो थांबला. त्याच्या मुठीच्या चामड्यात रेड्याचा दात रुतला होता. तो बाजूला झाला आणि श्वास घेत बसला.

"आता म्हण," मुकादम रेड्याला म्हणाला.

रेड्यानं तोंड उघडलं. जबडा एकीकडं आणि जीभ एकीकडं. रक्ताचा बुडबुडा आला आणि फुटला. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. घरघर, बाकी काही नाही.

"ऐकू आलं पाहिजे," मुकादम म्हणाला. रीत ती रीत. "न ऐकलेला शब्द धरायचा कसा?"

रेडा कोपरावर उठायला गेला, पडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुन्हा तोंड उघडलं. खिळा उठला, त्याच्याजवळ गुडघ्यावर बसला आणि कान अगदी त्याच्या तोंडाला लावला. रक्त कानात गेलं तरी हलला नाही.

"म्हणाले," मग तो म्हणाला.

"आम्हाला नाही आलं ऐकू."

"शब्द मला दिला होता ना? मग मला ऐकू आलं म्हणजे झालं."

मुकादमानं नाक पुसलं. "झालं," तो म्हणाला. "लावा मशीन."

भर दुपारी दोघं रस्त्यानं घरी गेले. रेड्याचं सगळं वजन खिळ्याच्या खांद्यावर, आणि खिळा नेहमीसारखाच वाकला नाही. जिना चढताना रेडा एकदा घसरला तर त्यानं पट्टा धरून ओढला, ओंडका ओढतात तसा.

बायकोनं दार उघडलं. दोघांकडं बघितलं. एकाचं तोंड, दुसऱ्याची मूठ. ती आत गेली आणि पाणी, फडकं घेऊन आली.

"आधी कोणाचं पुसू?" ती म्हणाली.

रेड्यानं बोट खिळ्याच्या हाताकडं केलं. तिनं तो दात चिमटीत धरून काढला आणि वाटीत टाकला. टण्ण आवाज झाला.

"परत घेतला का?" तिनं भावाला विचारलं.

"घेतला."

"मग बसा," ती नवऱ्याला म्हणाली. "चावायला येणार नाही तुम्हाला. पातळ काहीतरी करते." आणि मग फडकं पिळता पिळता थांबली. "पण एवढं का मारलंस रे यांना? एकाला एक अशी रीत आहे ना?"

रेड्याला बोलायला जबडाच नव्हता. खिळ्यानं हात पाण्यात बुडवला, पाणी लाल झालेलं बघितलं.

"ते मी नाही सांगायचं, ताई," तो म्हणाला. "दाजींचं तोंड बरं झालं की ते सांगतील."